खंडेरावची वरची तार

सायखेड्याच्या कुटे घराण्यात गोदाकाठची जमीन होती, कांद्याची चाळ होती, दावणीला दोन म्हशी होत्या. व्हायोलिन असायचं काही कारण नव्हतं. ते आलं खंडेरावच्या मामामुळे. सहादूमामा देवळाली कॅम्पात बंगल्याबंगल्यांवर दुधाचा रतीब घालायचा, आणि खंडेराव आयटीआयला असताना त्याच्याकडेच राहायला होता. एका सकाळी मामाला ताप भरला म्हणून कॅन घेऊन खंडेराव निघाला आणि लोबो सरांच्या व्हरांड्यात माप हातात धरून तसाच उभा राहिला. आत कुणीतरी व्हायोलिन वाजवत होतं.

लोबो सर मूळचे गोव्याचे, मिलिटरी बँडमधून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, आवाजात जरब. बाहेर आले आणि म्हणाले, "काय पाहिजे?"

"काही नाही."

"मग उभा का?"

खंडेरावने दूध मापून दिलं आणि निघाला. दुसऱ्या दिवशी मामा बरा झाला, तरी दूध घेऊन खंडेरावच गेला.

सहा वर्षं तो सरांकडे शिकला. सरांनी त्याला पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेलं संगीत वाचायला शिकवलं, बँडच्या कवायतीच्या चाली शिकवल्या, नाचाच्या चाली शिकवल्या. त्यांचा एक नियम मोडलेला त्यांना खपायचा नाही. बोट एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उचलून ठेवायचं, घसरवायचं नाही. "सूर म्हणजे जिन्याची पायरी," ते म्हणायचे, "घसरगुंडी नव्हे." सायखेड्याच्या भजनात ऐकलेल्या सगळ्या घसरगुंड्या खंडेरावने बोटांतून काढून टाकल्या. शेवटी सरांनी स्वतःकडचं दुसरं व्हायोलिन त्याला देऊन टाकलं.

आयटीआय संपल्यावर तो अंबडच्या एका लहान कारखान्यात लागला. पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या पॉवर प्रेस तिथे ओळीने मांडलेल्या होत्या. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. खंडेराव आठ तास प्रेसवर उभा राहायचा आणि लग्नसराईत, गणपतीत, नवरात्रात किशोरच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. सिन्नरकडची लंका त्याच्या घरी लग्न होऊन आली. मूलबाळ झालं नाही. सिडकोतल्या दोन खोल्यांत दोघं राहायची. द्राक्षांच्या हंगामात लंका पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये घड कातरायला जायची, आणि एरवी घरी असायची.

ऑर्केस्ट्रात चौदा वर्षं गेली. गाणारे पुढे उभे राहायचे, खंडेराव मागे, ढोलकवाल्याच्या डाव्या हाताला. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. गाण्याच्या दोन कडव्यांमधली ती आठ-दहा सेकंदं त्याची असायची, आणि तेवढी त्याला पुरायची.

चौऱ्याण्णवच्या गणपतीआधी किशोरने मुंबईहून कीबोर्ड आणला. तालमीच्या खोलीत सगळ्यांना जमवून त्याने एक बटण दाबलं आणि पट्ट्यांवर बोटं ठेवली. एका माणसाच्या दोन हातांतून वीस व्हायोलिनं वाजली.

"खंडू, वाईट वाटून घेऊ नको," किशोर म्हणाला. "स्टेजवर जागाही कमी असते. तू तुझा कामधंद्याचा माणूस आहेस, तुझं काही अडणार नाही."

किशोर वाईट नव्हता. त्याने खंडेरावला नारळ, टोपी आणि शाल दिली. खंडेराव ती शाल घेऊन बसने घरी आला आणि लंकाला म्हणाला, "सत्कार केला माझा." लंकाने शालीकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि चहा ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात लोबो सर वारले. मयतीला खंडेराव गेला होता, पण महिन्याभराने त्यांच्या बायकोने, लोबो बाईंनी, पुन्हा बोलावलं. त्यांची मुलगी त्यांना कॅनडाला न्यायला आली होती आणि घर रिकामं करायचं चाललं होतं. बाईंनी बुटांचं एक खोकं त्याच्या हातात ठेवलं. आत कॅसेटी होत्या, नऊ. रेडिओवरून आणि कुणाकुणाच्या तबकड्यांवरून सरांनी स्वतः भरून घेतलेल्या. वर त्यांच्या अक्षरात नुसते आकडे, एक ते नऊ.

"हे तो रोज ऐकायचा," बाई म्हणाल्या. "दार लावून."

घरी येऊन खंडेरावने पहिली कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली, आणि त्याला वाटलं, टेप खराब झाली. व्हायोलिन सुरावर थांबतच नव्हतं. खालून यायचं, सुराला नुसतं शिवायचं आणि खाली ओघळायचं. गंधार तर कोमलही नव्हता आणि शुद्धही नव्हता, दोघांच्या मधल्या कुठल्यातरी जागेवर तो कळवळत उभा होता. खंडेरावने कॅसेट काढली, पेन्सिलीने फीत ताणून घेतली, पुन्हा लावली. तेच. मग त्याच्या लक्षात आलं, मागची गिटार अगदी सुरात आहे. टेप चांगली होती. तो माणूसच तसं वाजवत होता.

मध्येच वाजवणं थांबवून तो माणूस गायला लागला. घोगरा, म्हातारा, काळ्या माणसाचा आवाज. एक ओळ तो गायचा आणि तीच ओळ व्हायोलिन परत म्हणायचं. इंग्रजी शब्द खंडेरावला कळले नाहीत, पण कुणीतरी घर सोडून गेलं आहे आणि ते परत येणार नाही, एवढं कळलं.

त्या शनिवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्याने नऊच्या नऊ कॅसेटी ऐकल्या. त्या म्हाताऱ्याच्या गाण्याला निवेदक ब्लूज म्हणायचा. त्याच्यानंतर जॅझ वाजवणारा एक होता. त्याचं व्हायोलिन हसत पळायचं, कुठे वळणार याचा पत्ता लागू द्यायचं नाही, आणि वळलं की वाटायचं, इथेच तर वळायला हवं होतं. सातव्या कॅसेटवर नुसता गोंगाट होता, ढोल आणि विजेची वाद्यं. त्यातलं एक वाद्य किंचाळत वर चढायचं. खंडेराव त्याला दोन दिवस गिटार समजला. तिसऱ्या दिवशी त्याला गज परतताना होणारा तो बारीकसा श्वास ऐकू आला. तो श्वास फक्त व्हायोलिन वाजवणाऱ्यालाच ओळखू येतो. तो ताडकन उठून बसला.

"लंका, हे व्हायोलिन हाय."

"मग काय असंल?" लंका म्हणाली. ती गहू निवडत होती.

 चाळिशीला टेकलेल्या माणसाला आपण बैलगाडी हाकत होतो तिला पंख होते असं अचानक दिसावं, तसं त्याचं झालं होतं.

बाई कॅनडाला जायच्या आधी तो त्यांना भेटायला गेला. त्याला एकच विचारायचं होतं. सरांनी हे मला कधी ऐकवलं का नाही?

 "तो बोलायचा, खंडूचा हात चांगला. पण हे ऐकलं तर ऑर्केस्ट्रात त्याचं मन लागणार नाही. आणि इथे हे ऐकणार कोण? मग तो ना इकडचा राहणार, ना तिकडचा."

सरांनी त्याचं भलंच चिंतलं होतं. त्याचाच खंडेरावला जास्त राग आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून कॅम्पातून नाशिकरोडपर्यंत तो पायी चालत आला.

त्यानंतर चार वर्षं तो त्या नऊ कॅसेटींना शिष्य म्हणून चिकटून राहिला. सरांनी बोटांना लावलेली शिस्त त्याला एकेक करून मोडावी लागली. कामावरून आला की चहा पिऊन बसायचा, दहा सेकंदांचा तुकडा ऐकायचा, मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायचा. शेजारच्या बयाबाईने एकदा दारात येऊन विचारलं, "लंकाबाई, तुमच्या घरात मांजर अडकलंय का?" लंका तिला म्हणाली, "मांजर नाय, आमचं माणूसच हाय." पण पुढच्या आठवड्यापासून खंडेराव दर शनिवारी व्हायोलिन घेऊन पांडवलेण्याच्या पायथ्याला जाऊ लागला. तिथे मोकळ्या माळावर तो हवं तसं वाजवायचा.

असं वाजवणारे आणखी कुणी आहेत का, हे शोधायचाही त्याने प्रयत्न केला. मेनरोडच्या कॅसेटवाल्याने त्याला हिंदी गाण्यांचं व्हायोलिन दिलं. संगीत विद्यालयातल्या गुरुजींनी दोन मिनिटं कॅसेट ऐकून घेतली आणि म्हणाले, "मींड आहे, पण राग कुठला?" एका रेडिओ केंद्राला त्याने मराठीत पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. कॅसेटीवर निवेदक नावं सांगायचे, पण इतक्या भराभर आणि नाकातून, की खंडेरावच्या वहीत ती तीनचार तऱ्हांनी लिहिलेली होती आणि त्यातलं बरोबर कुठलं हे सांगणारं कुणी नव्हतं. त्याच्या हिशेबाने जगात असे सहाजण होते. त्यातले निम्मे मेले असावेत.

आणखी एक गोष्ट त्याला खटकत होती. कॅसेटी झिजत चालल्या होत्या. वरच्या तारेवरचे सूर पूर्वी काचेसारखे लखलखायचे, आता ते गोधडीखालून आल्यासारखे वाटायचे. त्याने टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं, दुसरा टेपरेकॉर्डर आणला. फरक पडला नाही. फीतच जुनी झाली, असं त्याने ठरवलं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर पांडवलेण्याखाली त्याला रोहित भेटला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, मित्रांबरोबर टेकडी चढायला आला होता. व्हायोलिन ऐकून तो खाली बसला आणि मित्र वर गेले तरी उठला नाही.

"काका, हे ब्लूज आहे," तो म्हणाला.

चार वर्षांत हा शब्द दुसऱ्या माणसाच्या तोंडून खंडेराव पहिल्यांदा ऐकत होता. त्याने गज खाली घेतला. "तुला माहीत आहे?"

"मी गिटार वाजवतो. आमचा बँड आहे कॉलेजात. पण व्हायोलिनवर हे... तुम्ही कुठे शिकलात?"

खंडेराव म्हणाला, "इथंच."

त्यानंतरचे सात-आठ शनिवार खंडेराव गंगापूर रोडला रोहितच्या घरच्या गॅरेजमध्ये गेला. ड्रम, दोन गिटारी आणि तो. पोरं त्याच्या निम्म्या वयाची होती. पहिल्या दिवशी तो दाराशीच खुर्ची ओढून बसला होता. पण रोहितने ब्लूजचं ठरलेलं आवर्तन धरलं, दुसऱ्याच फेरीला खंडेराव आत शिरला आणि पाऊण तास बाहेर आला नाही. ड्रमवाला पोरगा वाजवता वाजवता हसायला लागला. चौदा वर्षं आठ-आठ सेकंदांच्या फटीत वाजवलेल्या माणसाला कुणीतरी सगळं आवार मोकळं करून दिलं होतं. घरी आल्यावर तो लंकाला म्हणाला, "आज मला कुणी थांबवलं नाय." त्याच्या सगळ्या आयुष्यात हा काळ सुखाचा म्हणावा असा होता, आणि तो दोन महिने टिकला.

फेब्रुवारीत कॉलेजचं गॅदरिंग होतं. खंडेरावने लंकाला बरोबर नेलं, पुढच्या रांगेत बसवलं. संध्याकाळची वेळ, मांडवात हजारभर पोरं. व्हायोलिनसाठी वेगळी सोय नव्हती, साऊंडवाल्याने एक साधा माईक त्याच्यासमोर लावून दिला. पहिलं गाणं रोहितने गायलं. टाळ्या, शिट्ट्या. दुसऱ्यात खंडेरावची पाळी होती. तो माईकजवळ सरकला, डोळे मिटले आणि खालच्या तारेवरून सुरुवात केली.

त्याच वेळी माईकने शिट्टी धरली. सुईसारखी बारीक, थेट डोक्यात घुसणारी शिट्टी. पोरांनी कानांवर हात ठेवले. कुणी ओरडलं, "बंद करा." साऊंडवाला पेटीकडे धावला, त्याला बटण सापडेना. माईकपासून मागे सरकायला हवं, हे कुणाही वाजवणाऱ्याला कळतं. खंडेराव आणखी जवळ गेला. तो वरच्या तारेवर चढत होता.

त्याने डोळे उघडले तेव्हा समोर हजार माणसं कानांवर हात ठेवून बसली होती. पुढच्या रांगेत लंकाही. तिने कान झाकले होते आणि ती त्याला मानेने नाही, नाही म्हणत होती. खंडेरावला वाटलं, हे आपल्या वाजवण्याला. तरी तो थांबला नाही. दात ओठ खाऊन वाजवत राहिला, कारण आता थांबलं तर पुन्हा कधी वाजवता येणार नाही असं त्याला वाटलं. शेवटी रोहितने येऊन त्याच्या माईकची वायर उपटली.

मांडवामागे रोहित त्याला म्हणाला, "काका, फीडबॅक होता. मागे का नाही आलात?"

"कसला फीडबॅक?"

"ती शिट्टी. एवढी मोठी शिट्टी."

खंडेरावने लंकाकडे बघितलं. "तू ऐकली?"

"सगळ्यांनी ऐकली," लंका म्हणाली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. घरी दारावरची घंटा वाजली तरी तो उठत नसे, ते ती इतके दिवस आळस समजत होती.

कानाच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. बराच वेळ त्याला बोट वर करावं लागलंच नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून ती बऱ्यापैकी सरळ येत होती आणि मग विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

"प्रेसवर किती वर्षं?"

"वीस होतील."

"जाड आवाज ऐकू येतात, माणसाचं बोलणंही बरंचसं कळतं, म्हणून लक्षात येत नाही. बारीक आवाज गेलेत. ते परत येत नाहीत."

"व्हायोलिनची वरची तार यात कुठे येते?"

डॉक्टरांनी पेन रेघेच्या उतारावर ठेवलं. "तार अजून ऐकू येईल. तिच्यावरची चमक असते ना, ती नाही येणार. आणि तेच काम करत राहिलात तर तारही जाईल."

म्हणजे कॅसेटी झिजल्या नव्हत्या.

त्याने सुपरवायझरला, दिनेशला, प्रेसवरून हलवायची विनंती केली. दिनेशने दोनदा "काय?" म्हणून विचारलं आणि तिसऱ्या वेळी ऐकू आल्यावर म्हणाला, "खंडेराव, इथं कुणाला नीट ऐकू येतं? मला येतं का? कापूस घालत जा." हलवायला दुसरी जागाच नव्हती. कारखाना म्हणजे प्रेस आणि प्रेस म्हणजे कारखाना. चाळिशीतल्या माणसाला दुसरीकडे घेणार कोण? खंडेराव कापूस घालून उभा राहू लागला. रोहित एकदा सिडकोत येऊन गेला, म्हणाला, "काका, व्हायोलिनलाच पिकअप चिकटवू, माईकची भानगडच नको. तुम्ही या." खंडेराव म्हणाला, "बघू." मे महिन्यात रोहितला बंगळुरात नोकरी लागली. बँड मोडला. गॅरेजमध्ये त्याच्या वडिलांनी गाडी लावली.

कारखाना आणखी पाच वर्षं चालला. दोन हजार चारला तो बंद पडला तेव्हा खंडेराव शेहेचाळीसचा होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं खरं झालं होतं. शिवाय दोन्ही कानांत रातकिड्यांसारखी किरकिर सुरू झाली होती, ती चोवीस तास थांबत नव्हती. त्याला एका शीतगृहावर दिवसपाळीचं वॉचमनचं काम मिळालं. व्हायोलिन अजून काढायचा तो, पण खालच्या दोनच तारा वाजवायचा. वर गेलं की बोटं चालायची आणि कानात रातकिडे.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात फंडाच्या कुठल्याशा कागदाची प्रत काढायला दोघं भिकनच्या सायबर कॅफेत गेली. भिकन मालेगावकडचा, बोलका माणूस. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून कॉम्प्युटरवर गाण्यांची चित्रं बघत बसला होता. खंडेराव थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "यात व्हायोलिन सापडतं का? इंग्रजी. ब्लूज म्हणतात त्याला."

भिकनने अक्षरं दाबली. पडदा भरला. त्याने खाली सरकवलं, पुन्हा भरला. आणखी खाली, पुन्हा.

"कुठलं लावू?"

खंडेराव पडद्याजवळ वाकला. त्याच्या वहीत सहा होते. इथे म्हातारे होते, पोरी होत्या, गोरे, काळे, जपानी, कुणी रस्त्यावर, कुणी हजारो लोकांसमोर, कुणी स्वयंपाकघरात उभं राहून. जॅझ, ब्लूज, रॉक, आणि त्याला नाव माहीत नसलेलं बरंच काही. या सगळ्यांना एकमेकांचा पत्ता होता. नाशिकच्या माळावर चार वर्षं तो जे एकटा खणत होता, ते तिकडे लोकांच्या अंगणात नळाने येत होतं.

"लाव कुठलंही," तो म्हणाला.

एक काळी बाई होती, केस बारीक कापलेले. मोठे हेडफोन खंडेरावने कानावर चढवले आणि भिकनला आवाज वाढव, वाढव म्हणून खुणावलं. सुरुवात खालच्या तारेवर होती, ती त्याला मिळाली, आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. मग तिचा हात वर सरकला. गज चालत होता, बोटं थरथरत होती, मान एका बाजूला कलली होती, आणि आवाज नव्हता. नदीच्या पलीकडच्या काठावर बाई धुणं आपटताना दिसावी, तसं.

त्याने हेडफोन काढून लंकाच्या कानाला लावले. "वाजतंय का?"

"वाजतंय ना."

"कसं?"

लंकाला आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. "बारीक हाय," ती म्हणाली. "लय बारीक. ती वर गेली... थांबली तिथंच... आता हळूहळू खाली येतीय."

"घसरत येतीय का पायरी पायरीनं?"

लंका ऐकत राहिली. तिचे डोळे पडद्यावर होते. "घसरत," ती म्हणाली. "मधीच कुठं तरी अडकती. तिला यायचं नाय खाली." आणि मग एकदम तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "मला नाय जमत सांगाया. तुमीच बघा."

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. खंडेराव आणखी चार जण बघून उठला. त्यानंतर तो भिकनकडे गेला नाही. लंकाने दोनदा आठवण केली, तेव्हा म्हणाला, "तिथं काय बघायचं? हात?"

दुसऱ्या वर्षी शीतगृहाच्या मालकाच्या ओळखीने मोहिनी मॅडम आल्या. लग्नाच्या लॉनवर सजावट, स्वागत, सगळं त्या करून द्यायच्या. मालकाकडून त्यांना कळलं होतं की वॉचमनकडे व्हायोलिन आहे आणि धरता येतं. आजकाल लोकांना प्रवेशद्वारापाशी काळा कोट घातलेला व्हायोलिनवाला हवा असायचा.

"आवाजाचं टेन्शन नको, काका," त्या मोठ्याने, सावकाश म्हणाल्या. "गाणी स्पीकरवर असतात. तुम्ही फक्त छान उभं राहायचं. उलट तुमचा आवाज यायला नको."

खंडेराव हो म्हणाला. गजाच्या केसांना राळ लावलेली असते, तिच्यानेच तार धरली जाते आणि आवाज निघतो. राळ नसली की गज तारेवरून नुसता निसटतो. त्याने मोरीत बसून धुण्याच्या साबणाने गज धुतला. तीस वर्षांची राळ पांढरं पाणी होऊन निघाली. लंका दारात उभी होती.

"परत राळ लावली की वाजंल ना?"

"वाजंल," तो म्हणाला.

पहिली काही लग्नं बरी गेली. कोट मॅडमचा होता, खांद्यात थोडा सैल. स्पीकरवर हिंदी गाणी चालायची, लोक अत्तर लावून घेत आत जायचे, कुणी त्याच्याबरोबर फोटो काढायचं. खंडेराव त्या गाण्यांकडे लक्ष देत नसे, आणि त्याला ती धड ऐकूही येत नव्हती. तो आपलं आपलं वाजवायचा. ब्लूजचं ते आवर्तन मनात धरायचा आणि बोटं चालवायचा, म्हाताऱ्याचं, त्या काळ्या बाईचं, स्वतःचं. गज गुळगुळीत फिरायचा. आवाज कुणालाच येत नव्हता, त्यामुळे त्याचा कान आणि लोकांचा कान तेवढ्यापुरता सारखाच होता. दोन-अडीच तास तो असा उभा राहायचा आणि घरी जेवताना थोडा बोलका असायचा.

तिसऱ्या महिन्यात एका लग्नात मुलीकडचे एक गृहस्थ बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. ते स्वतः संगीताचे क्लास घ्यायचे. ते त्याच्या बोटांकडे बघत होते. मग ते आत गेले आणि मोहिनी मॅडमना घेऊन आले.

"हा माणूस भलतंच वाजवतोय," ते म्हणाले. "गाणं एक चाललंय आणि बोटं दुसरीकडेच. ज्याला कळतं त्याला हे दिसतं. व्हिडिओत येणार हे सगळं."

मॅडमनी खंडेरावला बाजूला घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या. "काका, गाण्याप्रमाणे बोटं हलवत जा ना. तुम्हाला येतात ही गाणी, मालक म्हणाले मला. ऑर्केस्ट्रात होतात ना तुम्ही?"

"होतो."

"मग झालं तर."

"गाणं ऐकू येत नाही मला, मॅडम. कुठलं लागलंय ते कळत नाही."

 पुढच्या लग्नापासून मॅडमनी त्याला गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली. कागद तो कोटाच्या खिशात ठेवायचा. चौदा वर्षं वाजवलेली गाणी होती, बोटांना पाठ होती. स्पीकरजवळ त्यांचा एक माणूस बसलेला असे. गाणं संपून दुसरं लागलं की तो हात वर करायचा. दारातून पाहुणे आत येत, त्यांच्या डोक्यांवरून खंडेराव त्या हाताकडे बघत उभा राहायचा.